मथळ्याला क्रियापद हवं

माझं काम रक्ताच्या नळ्यांशी. प्रयोगशाळेत आलेला नमुना तपासण्याजोगा आहे का ते बघायचं, नसेल तर का परत पाठवला ते नोंदवायचं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी वॉर्डातल्या सिस्टरांसमोर उभं राहून नमुने कशामुळे खराब होतात ते समजावून सांगायचं. या शेवटच्या कामासाठी मला स्लाइड्स लागतात. बारा वर्षं झाली त्या करायला लागून. सध्या दोन नवीन सहकारी माझ्या हाताखाली तयार होताहेत. परवा त्यांच्यातल्या एकीने विचारलं, ‘ताई, चांगली पीपीटी कशी करायची?’ तिला तेव्हा घाईत दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात माझ्या एका जुन्या स्लाइडपासून करते. ती मी अजून जपून ठेवली आहे. मथळा : ‘रक्तनमुना संकलन : महत्त्वाचे मुद्दे’. त्याखाली अकरा मुद्दे. योग्य गेजची सुई वापरावी. टर्निकेट एक मिनिटाहून जास्त वेळ बांधून ठेवू नये. त्वचेवरचं स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं. आठवा मुद्दा असा : ‘नमुना हस्तांतरणावेळी अतिरिक्त दाब टाळावा.’ एकही मुद्दा चुकीचा नव्हता. मी तो प्रत्येक मुद्दा वाचून दाखवला, समोर माना डोलल्या, शेवटी टाळ्याही झाल्या. पंधरा दिवसांनी त्याच वॉर्डातून पुन्हा लाल सीरमच्या नळ्या आल्या.

लाल सीरम म्हणजे काय ते सांगायला हवं. नळीतलं रक्त गोठलं की ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. पेशी खाली बसतात, वर स्वच्छ, वाळल्या गवतासारखा पिवळसर द्रव राहतो. ते सीरम. रक्त घेताना किंवा नळीत भरताना लाल पेशी फुटल्या असतील तर हे सीरम गुलाबी, कधी चक्क लाल दिसतं. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. पेशी फुटली की ते सीरममध्ये उतरतं आणि रिपोर्टवर पोटॅशियम वाढलेलं येतं. रुग्णाच्या अंगात ते वाढलेलं नसतंच. म्हणून असा नमुना आम्ही परत पाठवतो, आणि त्या माणसाच्या हाताला पुन्हा सुई टोचावी लागते.

तर त्यातली एक लाल नळी घेऊन मी वॉर्डात गेले. तिथल्या ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचं लेक्चर मी ऐकलं होतं. सगळं पटलं. पण त्यात आमचं नेमकं काय चुकतंय?’ मी म्हटलं, ‘तुम्ही नेहमी करता तसं करून दाखवा.’ त्यांनी सिरिंजने रक्त घेतलं, सुई नळीच्या झाकणात खुपसली आणि अंगठ्याने दट्ट्या दाबून रक्त आत ढकललं. मी म्हटलं, ‘हे. हेच.’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘अहो मॅडम, अतिरिक्त दाब म्हणजे हे होय?’

त्या एका प्रश्नाने माझं स्लाइड करणं बदललं. गोष्ट मी सांगितली होती, पण ती अकरातली आठवी होती आणि ‘हस्तांतरण’ आणि ‘अतिरिक्त’ या शब्दांच्या आड लपलेली होती. अंगठा आणि दट्ट्या या दोन गोष्टी त्या स्लाइडवर कुठेच नव्हत्या.

पुढच्या वेळी मी एकच स्लाइड वीस मिनिटं घडवली. मथळा : ‘दट्ट्या जोरात ढकलला की पेशी फुटतात’. खाली एक फोटो. पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी उभ्या दोन नळ्या, एकीत पिवळं सीरम, दुसरीत लाल. एकीखाली ‘हळू वाहू दिलं’, दुसरीखाली ‘ढकललं’. बास. त्या स्लाइडवर मी पाच मिनिटं बोलले. सुईच्या बारीक भोकातून जोराने जाताना पेशीचं काय होतं, रिपोर्टमध्ये काय दिसतं, डॉक्टर ते वाचून काय ठरवू शकतात, हे सगळं तोंडी सांगितलं. त्यानंतर मला फोनवर येणारे प्रश्न बदलले. ‘नमुना का परत पाठवला?’ याऐवजी ‘या रुग्णाची शीर फार बारीक आहे, दट्ट्या जोरात न ओढता कसं घेऊ?’ असं सिस्टर विचारू लागल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पहिल्या मथळ्यात क्रियापद नव्हतं, दुसऱ्यात आहे. मी सहकाऱ्यांना सगळ्यात आधी हेच सांगते. मराठीत वाक्याचा भार शेवटच्या क्रियापदावर असतो. ‘निळ्या नळीतलं रक्त...’ एवढंच कुणी म्हटलं तर ऐकणारा ताटकळत राहतो : हं, काय झालं त्याचं? गोठलं, सांडलं, कमी पडलं? ‘नमुना संकलन : महत्त्वाचे मुद्दे’ हा मथळा समोरच्याला असाच ताटकळत ठेवतो, आणि मग अकरा मुद्द्यांमधून उत्तर शोधायचं काम त्याच्यावरच टाकतो. दिवसभराची ड्युटी करून आलेल्या माणसाने ते का करावं?

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली, आणि ती याहून महत्त्वाची आहे. ‘महत्त्वाचे मुद्दे’ हा मथळा कधी चुकूच शकत नाही, कारण तो काही म्हणतच नाही. ‘दट्ट्या जोरात ढकलला की पेशी फुटतात’ हे चूक ठरू शकतं. कुणीही हात वर करून ‘पुरावा काय?’ असं विचारू शकतं. पूर्ण वाक्य लिहिलं की ते निभावण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि खालची जागा कशासाठी आहे तेही कळतं : त्या वाक्याच्या पुराव्यासाठी. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल अ‍ॅली अभियंत्यांना आणि शास्त्रज्ञांना हीच पद्धत शिकवत आले आहेत : वर एका वाक्यात दावा, खाली चित्र किंवा आलेखाच्या रूपात पुरावा. मला ही पद्धत सिस्टरांच्या प्रश्नामुळे सापडली, तिला नाव आहे हे नंतर कळलं.

नुसतं क्रियापद मात्र पुरत नाही, आणि ते पुरत नाही याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण नासाच्या कोलंबिया अवकाशयानाचं आहे. १६ जानेवारी २००३ ला यान सुटलं, आणि सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून वरिष्ठांपुढे स्लाइड्स मांडल्या. त्यातल्या एकीच्या मथळ्याचा भावार्थ असा : चाचण्यांच्या माहितीनुसार, यानावरची उष्णतारोधक टाइल किती खोल भेदली जाईल याचा अंदाज सावध बाजूचाच आहे. वाचणाऱ्याला धीर देणारं पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. त्याखाली उतरत्या आकाराच्या अक्षरांत, एकाच्या पोटात दुसरा असे मुद्दे. आणि अगदी तळाशी हे : उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या बरीच बाहेर आहे, फोमचा तुकडा १९२० घनइंच, चाचणीतला ३ घनइंच.

१९२० आणि ३. म्हणजे ६४० पट. सगळ्या स्लाइडवर सांगण्यासारखी हीच एक गोष्ट होती, आणि ती शेवटच्या ओळीत होती.

१ फेब्रुवारी २००३ ला परत येताना यान फुटलं. कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. अपघात पंखाला पडलेल्या भोकामुळे झाला, स्लाइडमुळे नव्हे. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात या एका स्लाइडची वेगळी दखल घेतली आणि माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं तिचं विश्लेषण सोबत छापलं. ते वाचल्यापासून मी प्रत्येक स्लाइड पूर्ण झाली की तळाची ओळ पुन्हा वाचते आणि स्वतःला विचारते : ही वर जायला हवी का? मथळा आणि तळाची ओळ एकमेकींच्या विरोधात तर नाहीत ना? दर चार-पाच स्लाइड्समागे एखादी तरी ओळ वर जाते.

आता कामाची पद्धत सांगते. लॅपटॉप उघडण्याआधी मी कागदावर फक्त मथळे लिहिते, पूर्ण वाक्यांत, एकाखाली एक. मग ते सलग मोठ्याने वाचते. ते वाचून गोष्ट उलगडली पाहिजे. मध्ये अडखळायला झालं तर तिथे एक वाक्य कमी आहे किंवा क्रम चुकला आहे. एखादं वाक्य लिहिताच येत नसेल, नुसता शब्दसमूह सुचत असेल, तर तो विषय मला स्वतःलाच पुरता कळलेला नाही, हे मी मान्य करते आणि आधी वाचायला बसते. मथळे जमले की अर्ध्याहून जास्त काम झालेलं असतं.

मुद्द्यांच्या यादीला मी वाईट म्हणणार नाही. काही गोष्टी मुळातच यादी असतात. नळ्या कोणत्या क्रमाने भरायच्या हा क्रम आहे, तो क्रमांक देऊनच दाखवायला हवा. तिथेही मथळ्यात कारण येतं : ‘जांभळी नळी आधी भरली तर पोटॅशियम खोटं वाढतं’. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचा ईडीटीए क्षार असतो. त्याचा अंश पुढच्या सीरमच्या नळीत गेला तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. मी त्या स्लाइडवर नळ्यांचा फोटो डावीकडून उजवीकडे, भरायच्या क्रमाने लावते, आणि प्रत्येक झाकणाखाली रंगाचं नावही लिहिते. काहींना लाल आणि हिरवा सहज वेगळे ओळखू येत नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण जवळपास बारात एक इतकं आहे, बायकांत ते बरंच कमी. आमच्याकडे लाल आणि हिरवी अशी दोन्ही झाकणं आहेत, त्यामुळे नुसत्या रंगावर भिस्त ठेवणं धोक्याचं.

स्लाइडवर लिहिलेलंच वाचून दाखवू नये, हे सगळे सांगतात, पण त्यामागचं कारण क्वचितच कुणी सांगतं. माणूस मनात वाचतो त्याचा वेग बोलण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. मी तिसरी ओळ वाचत असते तेव्हा समोरचा सातवीवर पोचलेला असतो. म्हणजे तो ना माझं ऐकत असतो ना नीट वाचत असतो. जॉन स्वेलर आणि रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी शिकण्यावर पडणाऱ्या या ताणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. चित्र आणि त्यासोबत बोलणं यातून माणूस चांगलं शिकतो, पण तेच बोलणं पुन्हा मजकूर म्हणून पडद्यावर टाकलं की बहुतेक वेळा शिकणं घटतं, असं त्यातून दिसलं. बाजूला असलेला माणूस बोलत असताना आपल्याला वर्तमानपत्र वाचता येत नाही, हा अनुभव सगळ्यांनाच आहे.

‘पण नंतर पीपीटी पाठवायची असते ना, मग त्यात सगळं लिहिलेलं नको?’ हा प्रश्न हमखास येतो. मी दोन वेगळ्या गोष्टी करते. पडद्यासाठी स्लाइड्स, आणि हातात द्यायला दोन पानांची टिपणं, ज्यात ते अकराच्या अकरा मुद्दे शांतपणे, कारणांसह लिहिलेले असतात. एकाच फाइलने दोन्ही कामं करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. टिपणं करायला जास्तीचा एक तास लागतो. तो मी देते.

देवनागरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण स्लाइडविषयीचे बहुतेक सल्ले रोमन लिपीसाठी लिहिलेले असतात आणि आपण ते तसेच उचलतो. आपल्या अक्षराच्या वरही काही असतं आणि खालीही. वेलांटी, मात्रा, रफार वर, उकार आणि ऋकार खाली. ओळींमधलं अंतर रोमनइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन चिकटतो. मी अंतर १.३ पट ठेवते, मथळा दोन ओळींचा असेल तर त्याहून थोडं जास्त. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय असते, ती मराठीला लावू नये, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. अधोरेखन करू नये, ती रेघ उकारांना कापत जाते आणि ‘सु’ आणि ‘सू’ मागच्या रांगेतून सारखेच दिसतात. तिरपा टाइप देवनागरीच्या परंपरेत नाही, सॉफ्टवेअर सरळ अक्षरच कलंडवून देतं. अतिठळक अक्षरांत ‘द्ध’, ‘ष्ठ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते, म्हणून जोर द्यायचा तर मी आकार वाढवते किंवा रंग बदलते. आणि जोर एका स्लाइडवर एकाच शब्दाला.

फॉन्टच्या बाबतीत एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका मोठ्या प्रशिक्षणात माझी फाइल तिथल्या संगणकावर उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांची नुसती रास. मी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसला की खालची रोमन चिन्हं उघडी पडतात. ऐंशी माणसं समोर बसली होती. मी फळ्यावर खडूने नळ्या काढून तास घेतला. त्या दिवसापासून सगळं युनिकोडमध्ये, फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, जे कुणालाही मोफत मिळतात, आणि पेन ड्राइव्हवर पीडीएफची एक प्रत, कारण तिच्यात फॉन्ट सोबत जातो.

अक्षरांचा आकार किती ठेवावा? उद्योजक आणि लेखक गाय कावासाकी यांचा ३० पॉइंटचा नियम प्रसिद्ध आहे. दहा स्लाइड्स, वीस मिनिटं, तीसपेक्षा लहान अक्षर नाही. तो नवउद्योजकांसाठी होता. माझा भरवसा शेवटच्या रांगेवर आहे. समजा, पडदा २ मीटर रुंद आहे आणि शेवटची रांग १२ मीटरवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या सहा पट. माझ्या लॅपटॉपचा पडदा सुमारे ३० सेंटिमीटर रुंद. तर मी लॅपटॉप टेबलावर ठेवते, १.८ मीटर मागे सरकून उभी राहते आणि वाचते. जे वाचता येत नाही ते मोठं करायचं किंवा काढून टाकायचं. बहुतेक वेळा काढून टाकलेलंच बरं पडतं. खोलीत उजेड असेल तर फिकट राखाडी अक्षरं प्रोजेक्टरवर विरून जातात. वेबसाठीच्या सुलभतेच्या मानकांत साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ इतका किमान उजेड-अंधाराचा फरक सांगितला आहे. प्रोजेक्टर तो फरक आणखी कमी करतो, म्हणून मी त्याच्या बऱ्याच वर राहते. पांढऱ्यावर जवळजवळ काळं, सरळ.

आलेखाबद्दल एकच. नमुने परत पाठवण्याच्या सात कारणांचा वर्तुळाकार आलेख मी पूर्वी करायची, सात रंगांत, शेजारी सूची. बघणारा सूचीतून वर्तुळाकडे आणि वर्तुळातून सूचीकडे नजर फिरवत राहायचा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की एकाच मोजपट्टीवरच्या लांब्या माणूस कोनांपेक्षा जास्त अचूक ताडतो. आता मी आडव्या पट्ट्या करते, सगळ्यात मोठी वर, बाकीच्या उतरत्या. आडव्या अशासाठी की ‘नळीवर रुग्णाचं नाव नाही’ एवढं लांब नाव उभ्या पट्टीखाली तिरपं होऊन बसतं, आडवीच्या डावीकडे ते सरळ मावतं. मथळ्यात ज्या कारणाबद्दल बोलते ती पट्टी गडद, बाकी राखाडी.

आणि ‘बी’ची कळ. स्लाइड शो चालू असताना पॉवरपॉइंटमध्ये ती दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की परत येतो. कुणी मनापासून प्रश्न विचारला की मी पडदा काळा करते आणि त्यांच्याकडे बघून उत्तर देते. खोलीतल्या सगळ्यांच्या माना पडद्यावरून माणसाकडे वळतात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तास आहे. त्यातली एक स्लाइड अजून अडली आहे. फिकट निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण आधीच भरलेलं असतं, एका भागाला नऊ भाग रक्त हवं. रक्त कमी भरलं तर सायट्रेट जास्त पडतं आणि गोठायला प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ लागतोय असं दिसतं. माझा पहिला मथळा होता, ‘सायट्रेट नळीतील रक्ताचे प्रमाण’. तो मी कागदावर लिहून खोडला. दुसरा, ‘निळी नळी अर्धवट भरली की रक्त उशिरा गोठतंय असं खोटंच दिसतं’, खरा आहे पण मागच्या रांगेला तो एका नजरेत वाचता येणार नाही. काल रात्री तिसरा लिहिला : ‘निळी नळी खुणेपर्यंत भरा’. फोटो उद्या काढायचा आहे, एक नळी खुणेपर्यंत भरलेली, एक बोटभर कमी. बोट शेजारी धरूनच काढेन म्हणते.